दोन डाव्या बाह्या

मित्रांनो, आधी नीट बसा. माझे बोलणे कुणी उभ्याउभ्या ऐकलेले मला खपत नाही. मी या घराच्या भिंतीत राहणारी जुनी केबल आहे. खालच्या शिवणाच्या खोलीतून निघून, जिन्याच्या भिंतीतून मी वरच्या खोलीत पोहोचते. माझी धाकटी बहीण तशीच मागच्या खोलीपर्यंत गेली आहे. ती फारसे बोलत नाही. मी असताना तिला तशी गरजही पडत नाही.

माझ्या पोटात तांब्याच्या आठ तारा आहेत. कारखान्यात त्यांच्या चार जोड्या लावल्या गेल्या आणि प्रत्येक जोडीला निराळा पीळ दिला गेला, जेणेकरून एका जोडीचे बोलणे दुसरीच्या कानावर पडू नये. इतकी शिस्त मी माणसांच्या फार थोड्या घरांत पाहिली आहे.

हे घर एका शिंप्याचे. आम्ही त्यांना बाबाच म्हणतो. घर बांधताना त्यांनी मला नळीतून ओढून भिंतीत बसवले, कारण त्यांच्या लेकीचा संगणक वरच्या खोलीत ठेवायचा होता. तिचा अभ्यास, तिचे अर्ज, तिचे निकाल, सारे माझ्यातून गेले. आल्यागेल्याला बाबा मोठ्या ऐटीत भिंत दाखवत आणि सांगत, की कोटाला अस्तर असते तशी माझ्या घराला आतून केबल आहे.

मग वायफाय आले. शिवणाच्या खोलीत दोन शिंगांचा राउटर बसला आणि सर्वांना सारे काही हवेतून मिळू लागले. रंगाऱ्याने माझी टोके छाटली, वर पांढरी झाकणे लावली आणि तो निघून गेला. नऊ वर्षे मला कुणी विचारले नाही. मला राग आला नव्हता, असे मी मुळीच म्हणणार नाही.

हवेचा कारभार मात्र बेभरवशाचा निघाला. राउटरसमोर गिऱ्हाइकांचा पुरुषभर उंचीचा आरसा, शेजारी कापडाची लोखंडी कपाटे, वर जाड छत. लेक आता वरच्या खोलीतून पडद्यावर दूरदूरच्या मुलांना गणित शिकवत असे, आणि ऐन समीकरणाच्या मध्यावर तिचे चित्र तोंड उघडे ठेवून थिजत असे. तासाच्या वेळी घरातली सगळी दारे सताड उघडी ठेवायची, असा नियम झाला. जिन्याचे दार आपोआप मिटे म्हणून बाबांची बहीण, म्हणजे लेकीची आत्या, पाचव्या पायरीवर बसून ते पायाने अडवून धरी. पुढे बाबांनी तीन रिपीटर आणले. एकाने ऐकायचे, दुसऱ्याला सांगायचे, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि दर हाती निम्मी बातमी गळायची. चहाड्या करणाऱ्यांकडून मी यापेक्षा जास्त अपेक्षा कधीच केली नव्हती.

अखेर लेकीच्या शाळेतून मुख्याध्यापिकांचे पत्र आले. सोमवारच्या तासाला त्या स्वतः हजर राहणार होत्या. पुन्हा खंड पडला, तर वर्ग दुसऱ्या शिक्षिकेकडे जाणार होता. दोन वर्षे हाताला धरून शिकवलेली मुले परीक्षेच्या तोंडावर सोडायची! त्या दिवशी लेक जेवायला खाली आली नाही.

तेव्हा कुठे बाबांना माझी आठवण झाली. त्यांनी झाकणे उघडली, पक्कड आणली, आम्हा दोघी बहिणींना नवी टोके बसवली. टाके घालावेत तितक्या निगुतीने प्रत्येक तार ओळीत लावली. जोडून पाहिले, तर काहीच नाही.

"ही गेली," बाबा म्हणाले. "हिच्यात जीव उरलेला नाही."

मित्रांनो, जिवंतपणी हे ऐकण्याची वेळ तुमच्यावर न येवो.

लेकीने मात्र शनिवारी नेटवर्कचे काम करणाऱ्या बाईंना बोलावले. त्यांनी माझ्या दोन्ही टोकांना दिव्यांची छोटी पेटी लावली. खाली दिवे एकापासून आठापर्यंत लागले. वर आठापासून एकापर्यंत. बहिणीचेही तेच. बाई बाबांकडे वळल्या.

"काका, तुम्ही कपडे शिवता का?"

"चाळीस वर्षं. का?"

"एक टोक दुसऱ्याचं आरशातलं रूप आहे. तुम्ही डावी बाही आणि उजवी बाही केलीत. केबलला दोन्ही डाव्याच लागतात."

आत्या पायरीवरूनच म्हणाली, "चाळीस वर्षांत तुझी बाही पहिल्यांदा चुकली रे, आणि तीसुद्धा भिंतीची."

बाईंनी वरची टोके कापून तारा पुन्हा लावल्या. वरच्या खोलीच्या छताला आणि मागच्या खोलीत एकेक ॲक्सेस पॉइंट बसवला, म्हणजे तिथल्या तिथे वायफाय देणारी पांढरी तबकडी. तिला बातमी आणि वीज दोन्ही आम्हीच पुरवतो. साऱ्या घराला नाव एक, पासवर्ड एक. माणूस फोन घेऊन फिरला, तरी जवळची तबकडी त्याला सांभाळून घेते. रिपीटर खोक्यात गेले. मी समाधानाने पाहिले. आपण आता पायरीवर बसायचे नाही का, असे आत्याने थोडे खट्टू होऊन विचारले. बसा की, बाई म्हणाल्या, फक्त दार लावून घ्या.

सोमवारी बाबांनी तासभर मशीनसुद्धा चालवले नाही. वर लेक शिकवत होती आणि तिचा एकेक शब्द मी खाली नेत होते. एकही सांडला नाही. शेवटी मुख्याध्यापिकांनी एकच विचारले, की तिसरे उदाहरण आणखी सोप्या रीतीने सुटेल का. संध्याकाळी पत्र आले: वर्ग तुमच्याकडेच राहील.

बाबांनी ते पत्र चौकटीत घातले, हातोडी घेतली, वर आले आणि खिळा नेमका माझ्या मानेवर टेकवला.

"बाबा," लेक म्हणाली, "आधी विचारा, आत कोण आहे."

बाबांचा हात थांबला. त्यांनी खिशातून कापडावर खुणा करायचा खडू काढला, टेप लावून माझी वाट मोजली आणि भिंतीवर खालपासून वरपर्यंत एक सरळ रेघ ओढली. पत्र तिच्यापासून वीतभर दूर लागले आहे.

तर मित्रांनो, चालत नसलेल्या कुणालाही मेलेले ठरवण्याआधी त्याची दोन्ही टोके तपासत जा. आणि त्या खडूच्या रेघेला हात लावू नका. परवा आत्या ओले फडके घेऊन आली होती. बाबांनी तिला जिन्यातूनच परत पाठवले.