सासुरवासाचा तवा

मी एक जुना दगडी रूळ आहे. तुमच्या शाळेच्या मैदानाच्या कडेला, घाणेरीच्या झुडपाजवळ जो पडलेला असतो, तोच. रीत आहे म्हणून तुम्हाला मित्रांनो म्हणतो. खरे सांगायचे तर तुमची माझी मैत्री नाही. परवाच तुमच्यापैकी कुणीतरी माझ्यावर कोळशाने मास्तरांचे नाक काढले. मधल्या सुट्टीत तुम्ही माझ्या आडोशाला काय करता, तेही मला ठाऊक आहे. तेव्हा गोडगोड काही ऐकायला मिळेल ही आशा सोडा आणि गप्प बसा.

नळदुर्गाबाहेरच्या खाणीत शरणप्पा वडाराने मला घडवले. निजामाचा अंमल होता आणि काम वेठीचे होते. साहेबांचा हुकूम आला, शरणप्पाने छिन्नी-हातोडा उचलला. प्रत्येक घावाबरोबर तो साहेबांना एक शिवी देई. त्यामुळे माझ्या अंगात जितके घाव आहेत तितक्या शिव्या आहेत. शेवटी जाताजाता त्याने माझ्या गुळगुळीत पाठीवर मुद्दाम एक खळगा पाडला, अंगठ्याएवढा. "फिरवा आता, म्हणावं," असे बोलून तो निघून गेला. त्या खळग्यामुळे मी जिथून जाईन तिथे दर फेऱ्याला जमिनीवर एक बारीक टेंगूळ उठते. शरणप्पाला वाटले, साहेबांवर सूड उगवला. साहेब कशाला रूळ ओढतात? ते टेंगूळ आयुष्यभर जैनोद्दीनने निस्तरले.

जैनोद्दीन म्हणजे या मैदानाचा राखणदार. आज तुमची शाळा आहे तिथे तेव्हा अफसरांचा क्लब होता आणि या सगळ्या माळावर गोल्फ चाले. गोल्फ म्हणजे काय, तेही सांगायला हवे. मोठी माणसे काठीने एक पांढरा चेंडू मारतात, त्याच्यामागे चालत जातात, पुन्हा मारतात आणि शेवटी तुमच्या गोट्यांची असते तसल्या गलीत तो घालतात. ज्याचे फटके कमी, तो जिंकला. एवढ्यासाठी नऊ गली आणि साठ एकर माळ लागतो. शहाण्या माणसांचे खेळ असेच असतात.

मोठ्या शहरांत गलीभोवती मऊ हिरवळ असते म्हणे. आमच्या माळावर हिरवळ कुठली? उन्हाळ्यात इथे कुसळसुद्धा जळते. म्हणून गलीभोवती बारीक चाळलेली वाळू गोल पसरायची, तिच्यावर तेल शिंपडायचे म्हणजे ती वाऱ्याने उडत नाही, आणि वरून मला फिरवायचे. ती गोल, काळी, तेलकट जागा दिसे तव्यासारखी, म्हणून जैनोद्दीन तिला तवाच म्हणे. असे नऊ तवे. रोज सकाळी तो मला नऊही तव्यांवरून ओढी, मग फळी घेऊन परत येई आणि माझ्या खळग्याने उठवलेले एकेक टेंगूळ बसवी. शरणप्पाला त्याने कधी शिवी दिली नाही. मी त्याच्या जागी असतो तर दिली असती.

तेल कुठले? हमरस्त्यावर हैदराबादकडे जाणारे ट्रक थांबत. ड्रायव्हर गाडीतले जळके ऑइल काढून टाकत, ते जैनोद्दीन डब्यात धरून आणी. घाण वास, काळा रंग. पण त्याला मुंगी शिवत नसे आणि वाळू मात्र घट्ट बसे. हा शोध त्याचा स्वतःचा होता.

या नऊ गलींतली नववी भारी दुष्ट. मध्ये ओढा, ओढ्यात बाभळी, पलीकडे उघडा कातळ आणि कातळावर तो तवा. वारा सदा आडवा. चेंडू अलीकडे पडला तर काट्यांत जाई, पलीकडे पडला तर कातळावरून टणाटण उड्या मारत थेट ओढ्यात. क्लबचे कारकून विष्णुपंत, त्यांनी तिचे नाव ठेवले सासुरवास. नाव गावभर झाले. चार फटक्यांत व्हायची ती गल कुणी सहाच्या आत केली नव्हती. चांगलेचांगले अफसर तिथे काठ्या आपटताना मी पाहिले आहेत, आणि मला त्याचा आनंद होई. लपवून काय करू?

पोलिस ॲक्शन झाली तेव्हा जुने अफसर एका आठवड्यात निघून गेले. क्लबला कुलूप लागले. पाच वर्षे पगार नाही, साहेब नाही, चेंडू नाही. तरी जैनोद्दीन सकाळी मला ओढी. तो आणि त्याची बायको कुलसुमबी मैदानाच्या टोकाला, क्लबच्या एका खोलीत राहत. तिने दारात शेवगा लावला होता, भिंतींना दर साली चुना देई. कुणी विचारले, "कुणासाठी ओढतोस रं?" तर तो म्हणे, "बसून ऱ्हायलं तर तवा फुटतोय." पुढे नवे साहेब आले, क्लब उघडला, तेव्हा त्यांना मैदान तयार सापडले. आयत्या बिळावर नागोबा! कुणी त्याला कायम केले नाही. रोजंदारीवर ठेवले आणि खोलीत राहू दिले, एवढेच उपकार.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या संक्रांतीनंतर आमच्या मैदानावर दख्खन ढालीचे सामने ठरले. हैदराबाद, सिकंदराबाद, सोलापूर, पुणे, सगळीकडून खेळाडू येणार. सहा महिने आधीपासून क्लबात दुसरा विषय नव्हता. सिकंदराबादचे कुणी मेजर होते, त्यांनी पत्रात लिहिले की तुमचा सासुरवास मी चार फटक्यांत करून दाखवतो. क्लबचे सेक्रेटरी राघवेंद्रराव वकील. त्यांनी ते पत्र सगळ्यांसमोर वाचले आणि दात ओठ खात म्हणाले, "येऊ दे मेजरला. रडवून पाठवू." पाहुण्यांची वाट पाहत होते, पण ती कुस्तीतला पैलवान समोरच्याची पाहतो तशी.

त्याच दिवशी त्यांनी जैनोद्दीनला बोलावले. "यंदा सगळं नीट झालं तर तुला कायम करतो. खोली तुझ्या नावची. एक जरी तक्रार आली तर मात्र सामान बाहेर." जैनोद्दीनने मान डोलावली. घरी जाऊन त्याने कुलसुमबीला सांगितले, तेव्हा तिने शेवग्याला दोन तांबे पाणी जास्त घातले. खोली आपली होणार म्हटल्यावर झाडही आपलेच.

दोन महिने त्याने मला असे ओढले की माझे लोखंडी आस झिजले. सासुरवासाचा तवा आरशासारखा झाला. राघवेंद्रराव, मी त्यांना अजून अहोजाहो करतो आणि जैनोद्दीनला अरेतुरे, ही खोड मला क्लबातच लागली. तर ते राघवेंद्रराव सामन्यांच्या बारा दिवस आधी आले, रुमाल नाकाला लावला आणि म्हणाले, "हे काय गॅरेज आहे का? पाहुणे काय म्हणतील? काळं तेल काढ. मुरुम गावाहून करडीचं तेल मागवतो. स्वच्छ, सोन्यासारखं दिसेल."

जैनोद्दीन दचकला. "साहेब, खायाचं त्याल नका घालू. वास लागला की मुंग्या धरतेत. आन् ऊन लागून ते चिकटतं, गोंदावानी."

"तू मला शिकवतोस?"

"शिकवत न्हाय साहेब. सांगतोय."

"सांगायचं काम माझं. विष्णुपंत, लिहा चिठ्ठी."

विष्णुपंतांनी तिथेच, माझ्या पाठीवर कागद ठेवून, चिठ्ठी लिहिली. करडीचे तेल, चार डबे. त्यांच्या टाकाची टोचणी मला अजून आठवते. चिठ्ठी मुरुमच्या तेल्याकडे गेली आणि तिकडेच राहिली. डबे आले. जैनोद्दीनने काळी वाळू खरडली, नवी पसरली आणि घराघरांत फोडणीला जाते ते तेल वाळूत ओतले. ओतताना तो पुटपुटत होता. मला वाटते माफी मागत होता, अन्नाची.

पहिले दोन दिवस तवे खरेच सोन्यासारखे दिसले. राघवेंद्रराव खूश. तिसऱ्या दिवशी लाल मुंग्या आल्या. जैनोद्दीन राख टाकी, त्या दुसऱ्या बाजूने येत. तेलावर ऊन पडून पडून ते आटले, चिवट झाले. माझ्या अंगाला वाळूचे पापुद्रे चिकटू लागले. बाकी आठ तवे झाडांच्या सावलीला होते, ते रोज खरडून कसेबसे सावरले, पण सासुरवास उघड्या कातळावर. जैनोद्दीन दोनदा क्लबात सांगायला गेला. दोन्ही वेळा विष्णुपंतांनी दारातूनच परत पाठवले. "साहेब पाहुण्यांच्या याद्यांत आहेत. नंतर ये."

शुक्रवारी पाहुणे सरावाला आले. मेजरांनी ओढ्यावरून असा फटका मारला की मीही चकित झालो. चेंडू बरोबर तव्यावर पडला, दोन हात गेला आणि थबकला. मेजरांनी उचलून पाहिला तर चेंडूला सगळीकडून वाळू आणि मुंग्या चिकटलेल्या, अगदी तिळाचा लाडू. "तिळगूळ आहे का हो तुमच्याकडचा?" मेजर म्हणाले. पाहुणे खो खो हसले.

राघवेंद्ररावांचे तोंड पाहण्यासारखे झाले. त्यांनी जैनोद्दीनला सगळ्यांच्या पुढ्यात बोलावले.

"काय घातलंस यात?"

"साहेब, तुमीच सांगितलं व्हतं. करडीचं त्याल."

"मी? मी सांगेन असलं?" ते पाहुण्यांकडे वळले. "जुन्या राजवटीची माणसं ही. आपला चांगला दिवस यांना बघवत नाही." मग म्हणाले, "विष्णुपंत, मी सांगितलं होतं का असं?"

विष्णुपंतांच्या बोटाला शाईचा डाग होता. त्यांनी तो हात पाठीमागे घेतला, चपलांकडे पाहिले आणि म्हणाले, "मला तरी आठवत नाही, साहेब."

मित्रांनो, तिथे वीसेक माणसे उभी होती. डबे उतरवणारे हमाल होते, क्लबचा आचारी होता, चहा देणारे होते. कोण काय बोलले आणि कुणी लिहिले, हे त्यांतल्या निदान सहाजणांना माहीत होते. एकानेही तोंड उघडले नाही. जैनोद्दीन एकेकाच्या तोंडाकडे पाहत गेला. शेवटी त्याची नजर माझ्यावर आली. मी दगड. मी काय करणार होतो?

"उद्या दिवस मावळेपर्यंत हा तवा नीट कर," राघवेंद्रराव म्हणाले, "आणि मग सामान उचल."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर फाशीचा दोरही त्यानेच वळायचा! मला वाटले, आता हा जाईल. तवा तसाच टाकून, थुंकून जाईल. शरणप्पा तसा गेला होता. कुलसुमबीनेही तेच म्हटले. ती मैदानात आली, पदर खोचलेला, डोळे लाल. "तुम क्यूं करते? जाने दो ना उनकी इज्जत मट्टी में!"

"तवा उनका नै," जैनोद्दीन म्हणाला. "मेरा है."

तिने माझ्या दोराचे दुसरे टोक धरले. शनिवारभर दोघांनी तेलकट वाळू हातांनी खरवडली, बोरी नदीची ताजी वाळू चाळली, ट्रकवाल्यांकडून जळके ऑइल आणून शिंपडले आणि मला ओढले. कुलसुमबीने मला आधी कधी ओढले नव्हते. तिच्या तळव्यांतून रक्त आले ते माझ्या दोराला लागले. माझा खळगा दर फेऱ्याला टेंगूळ उठवी आणि जैनोद्दीन गुडघ्यावर बसून, फळी न घेता, नुसत्या तळहाताने ते बसवी. त्या दिवशी मला माझ्या खळग्याची लाज वाटली. दगडाला लाज नसते म्हणतात, ते खोटे आहे.

रविवारी सामने झाले. सगळ्यांना सासुरवासाने रडवले. मेजरांनी मात्र तो पाच फटक्यांत केला. चेंडू तव्यावर पडला आणि रेघ मारल्यासारखा गलीत गेला. त्यांनी वाकून तव्यावरून हात फिरवला. "अशी जमीन आमच्या सिकंदराबादलाही नाही. कुणी केली?"

"आमच्या देखरेखीखाली झाली," राघवेंद्रराव म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विष्णुपंतांनीही वाजवल्या.

त्या वेळी ते दोघे नवराबायको हमरस्त्याच्या कडेला पत्र्याच्या ट्रंकेवर बसले होते. टाळ्या तिथपर्यंत ऐकू जात. सोलापूरकडचा एक ट्रक थांबला, जैनोद्दीनमियाँ आधी चढले, मग त्यांनी कुलसुमबींना हात दिला. पुढे त्यांचे काय झाले, मला माहीत नाही. माझ्यापाशी येऊन कोण सांगणार?

नव्या राखणदाराला टेंगळांचे माहीत नव्हते. चेंडू उड्या मारू लागले, तव्यांना भेगा पडल्या, पाहुणे यायचे थांबले. तीन वर्षांत क्लब बुडाला. माळ सरकारने शाळेला दिला आणि मी या घाणेरीत आलो. शेवगा अजून आहे. त्याच्या शेंगा तुम्ही चोरता.

आता माझी सेवा करा, मला रंग द्या, असे मी म्हणणार नाही. मी दगड आहे, मला काही होत नाही. पण एक म्हातारे गृहस्थ रोज संध्याकाळी फिरायला येतात आणि माझ्यावर बसतात. तुम्ही त्यांच्याभोवती गोळा होता. ते तुम्हाला दख्खन ढालीची गोष्ट सांगतात. मेजरांना कसे रडवले, राघवेंद्ररावांनी सासुरवासाचा तवा कसा स्वतः जातीने करून घेतला, आणि एका कामचुकार राखणदाराने तो ऐनवेळी कसा बिघडवला होता. तुम्ही आ वासून ऐकता. ते विष्णुपंत आहेत.

उद्या ते बसले की त्यांना एवढेच विचारा: आजोबा, करडीच्या तेलाची चिठ्ठी कुणी लिहिली होती? मोठ्याने विचारा, सगळ्यांसमोर. मग बघा ते हात कुठे लपवतात. आणि विचारायचे धाडस झाले नाही, तर माझ्या शेजारी येऊन पडा. दगडांना इथे भरपूर जागा आहे.