कोंबडीच्या रांगेतला शेवटचा माणूस

एवारिस्तो न्हाव्याने चाळीस वर्षं कामाग्वे शहरातली निम्मी डोकी भादरली आणि भादरताना तोंड एकदाही मिटलं नाही. पण नेरेइदाबाई समोर आल्या की या बोलघेवड्याची बोबडी वळायची. बाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, विधवा, त्याच्यापासून चार घरं पलीकडे राहणाऱ्या. शनिवारी त्या कायमच्या ओल्गीनला, लेकीकडे निघाल्या होत्या. आज गुरुवार. जे काय बोलायचं ते आजच्या रेशनच्या कोंबडीच्या रांगेतच, असं त्याने दाढी करताना स्वतःला चांगलं दरडावलं होतं.

आपल्या कामाग्वेत रांगेत उभं कोण राहतं? आल्या आल्या 'शेवटचा कोण?' म्हणून ओरडायचं, जो हात वर करील त्याचं तोंड लक्षात ठेवायचं आणि सावली गाठायची. गेली दोन वर्षं एवारिस्तो कोपऱ्यावर दबा धरून बसायचा. बाईंनी नंबर लावला की लगेच धावत येऊन विचारायचा, "शेवटचं कोण?" बाई हात वर करायच्या. तेवढ्यावर गड्याचा आठवडा सुखात जायचा.

आज मात्र घाई नडली. कोपऱ्यावर न थांबता त्याने सातलाच नंबर लावून टाकला, आणि बाईंचा पत्ताच नाही. आता दोघांच्या मध्ये कुणी घुसलं तर? नवीन माणूस आला की तो म्हणे, "शेवटचा मीच, पण तुम्ही व्हा पुढे." दहा वाजेपर्यंत त्याने चौदा जण पुढे काढले.

"एवारिस्तो," घडीच्या स्टुलावर ऐसपैस बसलेली ओर्तेन्सिया ओरडली, "असाच मागे सरकत राहिलास तर बाईंच्या आधी तूच ओल्गीनला पोचशील!"

सगळी रांग खिदळली. "पाय दुखतात माझे," तो म्हणाला.

"पाय दुखणारा माणूस पुढे जातो रे!"

अकराला बाई आल्या. घामाघूम, केस विस्कटलेले. "शेवटचा कोण?" एवारिस्तोचा हात वर जायच्या आधीच वीस बोटं त्याच्याकडे वळली.

"अगं बाई, आज तुम्ही माझ्या पुढे?" बाई म्हणाल्या.

"ऊन फार आहे," एवारिस्तो म्हणाला. मग बराच वेळ विचार करून म्हणाला, "कालही होतं."

ओर्तेन्सियाने कपाळावर हात मारला.

त्याचा नंबर आला तेव्हा दुकानदाराने शेवटचं पाकीट फळीवर ठेवलं. "एकच उरलंय." ज्यांना कोंबडी मिळाली होती त्यांतलं एकही माणूस घरी गेलं नव्हतं.

"बाईंना द्या," एवारिस्तो म्हणाला.

"मला कशाला? मी शनिवारी चालले."

सगळी रांग आपल्याकडे बघतेय, हे त्याला कळत होतं. लाज वाटत होती, पण तिच्यापेक्षा भीती मोठी होती.

"जाऊ नका," तो म्हणाला. "माझ्यासाठी राहा."

बाईंनी हातरुमालाने सावकाश मान पुसली.

"सकाळी कुठे होते, विचारलंत?"

"कुठे होतात?"

"बसच्या तिकिटाच्या रांगेत. नंबर आला माझा. खिडकीतल्या पोरीने तारीखही विचारली." बाईंचा आवाज जरा कापला. "मागे वळून बघितलं, तर भलताच कुणीतरी टोपीवाला उभा. त्याला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. त्याच्या मागचीलाही म्हटलं. पाच जण सोडले आणि निघून आले."

"मग तिकीट?" ओर्तेन्सिया स्टुलावरून ओरडली.

"नाही काढलं," बाई म्हणाल्या आणि पाकीट उचलून त्याच्या हातात दिलं. "चला, धरा हे. भात माझ्याकडे आहे."