दोघेही नेणारे

मानपाड्याच्या एका औषध कारखान्यात सहदेव प्रयोगशाळाप्रमुख होते. तिथे नोंदवहीतून उपकरणाचे एखादे वाचन गाळले, तर शेजारी कारण लिहून सही करावी लागे. हा नियम त्यांनी सव्वीस वर्षे पाळला होता आणि इतरांनाही पाळायला लावला होता. त्यामुळे कोपरीतल्या एका सोसायटीच्या सभागृहात, जोडीच्या नाचांच्या वर्गात साल्साच्या पहिल्याच दिवशी, शिक्षिका मृणालने "एक, दोन, तीन... पाच, सहा, सात" असे मोजले, तेव्हा त्यांनी हात वर करून चार कुठे गेले ते विचारले.

चारवर थांबायचे असते, असे मृणालने सांगितले. मग त्याचे नाव घ्यायला काय हरकत आहे, अशी त्यांनी पुढची शंका काढली. त्यांची बायको नंदा छताच्या पंख्याकडे बघत राहिली.

वास्तविक या वर्गात दोघांची नावे त्यांनीच घातली होती. डिसेंबरात मुलीच्या हळदीला एकेक जोडपे नाचायला उतरले. नंदाने त्यांच्यापुढे हात केला, आणि सहदेव चारचौघांत म्हणाले, "माझी पाठ दुखते." पाठ ठणठणीत होती. नंदाचा हात क्षणभर तसाच राहिला; मग जणू त्यासाठीच उचलला होता अशा थाटात तिने बांगड्या सारख्या केल्या. सहदेवांनी आयुष्यात भुतांना किंवा ग्रहांना कधी भीक घातली नव्हती. तो हात मात्र त्यांना नंतर कित्येक दिवस दिसत राहिला. वर्गाच्या समारोपाला प्रत्येक जोडीने सर्वांसमोर दोन मिनिटे नाचायचे होते. ती दोन मिनिटे नंदाला पुरती मिळावीत, एवढेच त्यांचे उद्दिष्ट.

प्रगती मोजता येण्याजोगी होती. वॉल्ट्झ त्यांना पटला: तीन ठोके, तिन्ही जागच्या जागी. बचाटात चौथ्या ठोक्याला कंबर उडवायची असते. सहदेवांची पहिले दोन आठवडे पाचव्याला उडाली. "पोचतेय ना काका, लेट का होईना," असा राकेशने धीर दिला. हा राकेश लग्नातल्या संगीताच्या कार्यक्रमासाठी आपल्या होणाऱ्या बायकोबरोबर, संचिताबरोबर, शिकायला येई. जाइव्हच्या दिवशी सहदेवांचा चष्मा उडाला, तो तासाभराने संचिताच्या पर्समध्ये सापडला. पुरुषाने न्यायचे आणि बाईने यायचे, हा या सगळ्या नाचांचा पाया. त्याला आधार काय, असे त्यांनी एकदा विचारलेही. पण उत्तर मिळण्याआधीच गाणे सुरू झाले.

एप्रिलात कारखान्यात तपासणी आली आणि त्यांचे वर्गाचे तीन बुधवार बुडाले. नेमका तेव्हाच चा-चा-चा शिकवला गेला. नंदा एकटी गेली. सहदेव डगमगले नाहीत. व्हिडिओ लावून, प्रयोगशाळेतल्या कोटांच्या स्टँडला कवेत घेऊन, त्यांनी पुरुषाची पावले घोटली. नंदाला एका शब्दाने विचारले नाही. तिला चकित करायचे होते. स्टँडने कधी तक्रार केली नाही, ही बाब त्यांनी अनुकूल निष्कर्ष म्हणून धरली.

समारोपाला कुणी कोणता नाच करायचा, त्याच्या चिठ्ठ्या पोळ्यांच्या डब्यातून काढायच्या होत्या. नंदाने काढली. चा-चा-चा. सहदेवांना आतून गुदगुल्या झाल्या.

गाणे लागले. सहदेवांनी डावा पाय पुढे टाकला. नंदानेही डावाच टाकला. अंगठे भिडले. त्यांनी उजवा हात तिच्या पाठीवर ठेवला, तिने तिचा उजवा त्यांच्या पाठीवर ठेवला, आणि कुस्तीच्या फडात सलामी झडावी तसे दोघे एकमेकांना रेटत उभे राहिले.

"अहो, वर्गात पुरुष कमी पडत होते," नंदा कुजबुजली. "तिन्ही बुधवार मृणालने मला पुरुषच केलं. मला बाईचं येतच नाही."

हशा पिकला. त्यांच्या अंदाजाने वीस सेकंद वाया गेले होते. नंदाचा हात त्यांच्या पाठीवरून निघाला आणि हळूच बांगड्यांकडे वळू लागला. ती हालचाल सहदेवांनी ओळखली.

"नंदा, तू ने," ते म्हणाले. "मी येतो."

"उलटं जमेल तुम्हाला?"

"पुरावा नाही. तू ने."

नंदाने हात पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि आयुष्यात प्रथमच, मागे काय आहे ते न पाहता, ते मागे निघाले. माहितीचे साधन एकच: खांद्यामागचा तिचा तळवा. तो जरासा दाबला की डावीकडे, सैल झाला की मागे. पहिल्या तीन वेळा त्यांनी त्याची पडताळणी केली. चौथ्या वेळी पडताळणी राहून गेली. तिने हात उंचावून त्यांना खालून फिरवले. ती त्यांच्या कानाएवढीच, म्हणून त्यांना कमरेत वाकावे लागले. डोके एका बाजूने शिरले आणि भलत्याच बाजूने बाहेर आले. तिने तसेच पुन्हा फिरवले. तिसऱ्यांदा त्यांच्या तोंडून किंचाळी आणि हसू यांच्या मधला एक आवाज निघाला. राकेश शिट्ट्या मारत होता, मृणाल खुर्चीवर चढली होती, आणि आकडे, एक ते आठ, सगळेच्या सगळे, कुठे गेले ते सहदेवांनी विचारले नाही.

गाणे संपले तरी ती दोघे थांबली नाहीत. शेवटी भिंतीशी रचलेल्या खुर्च्यांनी त्यांना थांबवले.

"पाठ दुखतेय का?" नंदाने धापा टाकत विचारले.

सहदेवांनी क्षणभर तपासून पाहिले. "हो," ते म्हणाले. "चांगलीच."

या वेळी ते खरे होते. तिचा हात न सोडता त्यांनी दुसरा हात खुर्च्यांवर ठेवलेल्या पोळ्यांच्या डब्यात, पुढच्या चिठ्ठीसाठी, घातला.