विन्स्टनचे तिघे

लिनेटने विन्स्टनचा फोन टेबलावर उताणा ठेवला, काचेवरची चीर आपल्या बाजूला येईल असा फिरवला आणि रोझने दिलेला सरबताचा ग्लास एका दमात रिकामा केला.

शेजारी बसलेल्या केनेथने पहिलाच घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"रोझवहिनी, साखर घालायची राहिली."

रोझने जीभ चावली आणि भराभर सगळ्यांचे ग्लास गोळा केले. लिनेटच्या रिकाम्या ग्लासापाशी तिचा हात थांबला. मग तोही उचलून ती आत गेली. एवढं आंबट-खारट पाणी पोटात गेलं तरी लिनेटला कळलं नव्हतं. हल्ली तिचं असंच चाललं होतं. हॉटेलात तिच्या हाताखालच्या मुली रजा मागायला आल्या की ती घ्या म्हणायची, नाही आल्या तरी तिला काही वाटायचं नाही.

शनिवारची दुपार होती. मिस्सा आटोपून मंडळी थेट ऊद मेथातल्या ॲम्ब्रोजच्या फ्लॅटवर आली होती. बाहेर ऑगस्ट पेटला होता आणि आत एसीखाली चार बाप्ये शाळेच्या परीक्षेला बसल्यासारखे कागद-पेन घेऊन बसले होते. ॲम्ब्रोजसमोर पोळपाट होता आणि हातात लाटणं.

"तर लिलाव असा होणार," तो म्हणाला. "प्रत्येकाला दोनशे पॉइंट. पाळीपाळीने एकेकाने एका प्लेयरचं नाव घ्यायचं. ज्याची बोली मोठी त्याचा प्लेयर. मी तीन मोजणार आणि लाटणं आपटणार. आपटलं की खलास."

"पोळपाट फुटला तर नवा तूच आणणार," आतून रोझ म्हणाली.

ही त्यांची लीग अकरा वर्षांची. इंग्लंडमधल्या फुटबॉलचे खरे खेळाडू कागदावर आपापल्या टीममध्ये घ्यायचे. ते मैदानात जसे खेळतील तसे इथे गुण मिळायचे. ॲम्ब्रोज, केनेथ, उम्म अल कुवैनच्या कारखान्यातला मोहिद्दीन, बँकेतला तहा, अबू धाबीचा वासुदेव आणि विन्स्टन असे सहा जण. एरवी गुडघे दुखतात म्हणून लिफ्टची वाट बघणारी ही माणसं कुणातरी परक्या पोराच्या गुडघ्यावरून तास तास भांडायची. त्यात एक जुना नियम होता. दरवर्षी प्रत्येकाला आपले तीन खेळाडू पुढच्या सालासाठी राखून ठेवता यायचे. एकतीस जुलैच्या आत त्यांची नावं पाठवायची. न पाठवली तर गेल्या वर्षीचेच तिघे आपोआप राहायचे.

अकरा वर्षांत विन्स्टनने एकदाही नावं पाठवली नव्हती.

"गप्प बसलं की माणूस राहतो," तो लिनेटला म्हणायचा. "मग बोटं कशाला झिजवायची?"

त्याच्या तिघांना त्याने टोपणनावंही दिली होती. पुढे धावणारा तो घोडा. मधल्या फळीतला, घेतला तेव्हा कोवळं पोर होता म्हणून, पिल्लू. आणि मागे उभा राहणारा म्हातारा. तिघांनाही तो पहिल्या वर्षापासून सांभाळत होता. गेली तीन-चार वर्षं म्हातारा बहुतेक वेळ बाकावरच बसून असायचा आणि केनेथ त्यावरून विन्स्टनला दर आठवड्याला सोलून काढायचा. राखण्याचा नियम मोडून लिलाव करा म्हणून मागे लागला होता तोही केनेथच. चार वर्षांपूर्वी उशिरा आल्यामुळे त्याच्या वाट्याला सगळा उरलासुरला माल आला होता आणि तो दरवर्षी शेवटचा यायचा. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण नियम बदलायला सहाही जणांची मान हलावी लागे आणि विन्स्टनची कधी हलली नाही.

"माझी माणसं मी बाजारात उभी करणार नाही," तो सांगायचा. विषय तिथेच संपायचा.

नोव्हेंबरात विन्स्टन ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीला टेकून खाली बसला तो उठलाच नाही. वसईला दफन करून लिनेट आणि त्यांची लेक जेनेल परत आल्या आणि पहिल्याच शनिवारी त्याचा फोन वाजला. टीम लावायला एक तास उरला, एवढंच त्यावर होतं. लिनेटला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. तिने बोटाने वरखाली करून पाहिलं, ज्यांच्या नावापुढे लाल खूण होती त्यांना खाली बसवलं आणि फोन चार्जिंगला लावला. पुढच्या शनिवारी पुन्हा वाजला. मग ती स्वतःच शुक्रवारी संध्याकाळी बसू लागली. लीगमध्ये विन्स्टन कधी चौथा असायचा, कधी पाचवा. ग्रुपवर कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

मे महिन्यात म्हाताऱ्याच्या नावापुढे एक निराळीच खूण आली. तिने जेनेलला विचारलं.

"ममा, ही इज रिटायर्ड," जेनेल वहीतून मान वर न करता म्हणाली. "नेक्स्ट सीझन ही वोन्ट प्ले."

"असू दे."

"व्हाय डू यू ईव्हन डू धिस?"

लिनेटने म्हाताऱ्याला बाकावर तसाच ठेवला.

जुलैत ॲम्ब्रोज घरी आला. सोफ्याच्या कडेवर बसून, चहाची बशी दोन्ही हातांनी धरून त्याने लिलावाचं विचारलं. आता विन्स्टनच्या जागी तिची मान हलायला हवी होती. नाही म्हणालीस तर राहू दे, कुणी काही म्हणणार नाही, असं तो दोनदा म्हणाला.

"करा," लिनेट म्हणाली. कुणी काही विचारलं की ती हेच म्हणायची.

तो गेल्यावर कप विसळताना तिच्या लक्षात आलं, की आता तिघेही जाणार. विन्स्टनने अकरा वर्षं न बोलता जे राखलं ते तिने एका शब्दात सोडून दिलं होतं. ॲम्ब्रोजला सांगायला तिने दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. वाईट वाटायला हवं होतं. तेही नीट वाटत नव्हतं. म्हणून ती आज आली होती. तिघांना परत आणायचं, एवढंच ठरवून.

लॅपटॉपवर वासुदेवचा चेहरा उमटला. तो खलिफा सिटीतून, मागे धुतलेल्या कपड्यांचा स्टँड घेऊन बसला होता.

"यल्ला, चला सुरू करू," ॲम्ब्रोज म्हणाला. "तहा, पहिलं नाव तुझं."

तहाने घोड्याचं नाव घेतलं. लीगमधला सगळ्यात भारी खेळाडू तोच होता.

मोठ्या आकड्यापासून सुरू करायचं की लहान, हे लिनेटला ठाऊक नव्हतं.

"एक," ती म्हणाली.

पुढची बोली कुणी लावली नाही. मोहिद्दीनने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. केनेथ एसीकडे बघत होता.

"एक, दोन, तीन," ॲम्ब्रोजने भरकन मोजलं आणि लाटणं आपटलं. "घोडा लिनेटला."

मग मोहिद्दीनने पिल्लाचं नाव घेतलं.

"एक," लिनेट पुन्हा म्हणाली.

ॲम्ब्रोजने लाटणं उचललं.

"चाळीस!" लॅपटॉपमधून वासुदेव ओरडला. "चाळीस देतो मी."

टेबलाभोवतीची सगळी डोकी खाली गेली. तहाने मांडीवर फोन धरून घाईघाईने काहीतरी टाईप केलं. पडद्यावर वासुदेवने आपला फोन पाहिला आणि त्याचा चेहरा पडला.

"सॉरी, सॉरी. नेट अडकलं होतं. ग्रुपवरचं आत्ता वाचलं. माझी बोली धरू नका."

लिनेटने समोरच्या फोनकडे पाहिलं. लीगच्या ग्रुपवर कुणी काही टाकलं की तो थरथरत टेबलावर सरकायचा. आज सकाळपासून तो हललाही नव्हता.

"दुसरा ग्रुप केलात तुम्ही," ती म्हणाली.

ॲम्ब्रोजने लाटणं खाली ठेवलं.

"लिनेट, तसं नाही. त्याच्या नंबरवर लिहायचं म्हणजे... लिहवत नाही गं. मग आम्ही ठरवलं, की त्याचे तिघे तुझ्याकडेच राहू दे. त्यावर कुणी बोली लावायची नाही."

"भाभी, बुरा मत मानो," तहा म्हणाला.

लिनेटला राग आला. बऱ्याच दिवसांनी आला, म्हणून तो राग आहे हे कळायलाही तिला जरा वेळ लागला. एक-एक पॉइंटला विन्स्टनची माणसं तिच्या पदरात टाकून ही मंडळी मोकळी होणार होती. विन्स्टन असता तर यांनी त्याला असं सोडलं असतं का? घोड्यासाठी त्याच्या नरडीला आले असते.

"पुन्हा करा," ती म्हणाली. "घोड्यापासून. आणि नीट करा."

"अगं पण..."

"माझ्याशी खेळायचं असेल तर खेळा, ॲम्ब्रोज. नाहीतर मी जेनेलला घेऊन घरी जाते."

जेनेल आत रोझच्या हाताखाली पिठाचे फुगे तळत होती.

"चला, पुन्हा," ॲम्ब्रोज म्हणाला. "घोडा."

पहिली बोली मोहिद्दीनची, दहा. तहा वीस. लिनेट पंचवीस. मग केनेथने खुर्ची पुढे ओढली आणि हळूहळू जोर आला. चाळिशीच्या पुढे आवाज चढले. साठला तहा गळला. एकसष्टला लिनेट थांबली, कारण पुढे काय लागेल याचा हिशेब तिला जमेना, आणि घोडा चौसष्टला केनेथकडे गेला. केनेथने मूठ आवळली आणि लगेच तिच्याकडे बघून ती टेबलाखाली नेली.

पिल्लाच्या वेळी मात्र तिने सोडलं नाही. वासुदेवशी ती एक्केचाळीसपर्यंत भिडली.

"भाभी, जास्त दिलेत हां," मोहिद्दीन म्हणाला. तो मूळचा दापोलीचा. उगाच गोड बोलणं त्याला जमायचं नाही. "बत्तीसच्या वर नव्हता तो."

"असू दे," लिनेट म्हणाली, आणि यावेळी तिला ते पॉइंट गेल्याचं खरंच वाईट वाटलं.

नाव घेण्याची पाळी तिच्यावर आली. कागदावरची यादी तिने पाहिली. ॲम्ब्रोजने जुनी यादी छापताना बाकीच्या निवृत्त खेळाडूंवर रेघा मारल्या होत्या. एकाच नावावर मारली नव्हती.

"म्हातारा," ती म्हणाली. "एक."

कुणीच कुणाकडे पाहिलं नाही. हिला सांगायचं कुणी, हा प्रश्न चौघांच्याही तोंडावर स्पष्ट दिसत होता. ॲम्ब्रोजने घसा खाकरला.

"दोन," केनेथ म्हणाला.

ॲम्ब्रोज त्याच्याकडे बघतच राहिला.

"नीट करा म्हणाल्या ना वहिनी? दोन."

"तीन," मोहिद्दीन म्हणाला.

"पाँच," तहा.

लॅपटॉपमधला आवाज जरा उशिराने आला. "सात."

जो माणूस पुन्हा कधी मैदानात उतरणार नव्हता, त्याच्यासाठी चार शहाणी माणसं आपले पॉइंट जाळत होती. आकडा वाढेल तसे सगळे लिनेटकडे बघत होते. ती पुढची बोली लावेल, म्हातारा तिच्याकडे जाईल, आणि तो मान राखून जाईल, फुकटात नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

"नऊ," केनेथ म्हणाला.

ॲम्ब्रोजने लाटणं उचललं. "केनेथ नऊ. एक."

लिनेटने हात मांडीवर ठेवले होते.

"दोन," ॲम्ब्रोज म्हणाला आणि थांबला. आतलं तळण थांबलं होतं. दारात रोझ उभी होती. "लिनेट, दहा म्हणायचं असेल तर..."

ती गप्प बसली.

लाटणं हवेतच राहिलं.

"मारा ना," लिनेट म्हणाली.

लाटणं पोळपाटावर पडलं. आवाज अगदी बेताचाच झाला.

केनेथचा चेहरा पांढरा पडला होता.

"वहिनी, मला वाटलं तुम्ही दहा म्हणाल," तो म्हणाला. "आणि तो... तो आता खेळत नाही. मी आधी सांगायला हवं होतं."

"माहीत आहे मला. मे महिन्यातच थांबला तो."

"मग?"

"मग काय, घेतलास ना? आता सांभाळ. बाकावर बसव, पण काढू नकोस."

केनेथने मान हलवली. त्याने कागद पुढे ओढला आणि म्हाताऱ्याचं खरं नाव एकेक अक्षर जपून आपल्या टीममध्ये लिहिलं. लिहिता लिहिता तो नाक ओढत होता आणि मोहिद्दीन टिशूचा डबा त्याच्याकडे सरकवत होता.

लिनेटने विन्स्टनचा फोन उचलून पर्समध्ये ठेवला आणि स्वतःचा बाहेर काढला.

"ॲम्ब्रोज, त्या नव्या ग्रुपमध्ये मला घ्या. माझ्या नंबरवर."

ॲम्ब्रोजने चष्मा लावला, दोनदा चुकीचं बटण दाबलं, मग एकदाचा तिचा फोन थरथरत टेबलावर थोडा सरकला. तो थांबेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.

रोझने नव्याने केलेलं सरबत आणलं आणि पहिला ग्लास तिच्या हातात दिला. लिनेटने एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"रोझ, आता साखर जास्त झालीय गं," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं.