होयबाचा नकार

लाँड्रीच्या काउंटरवर बसणाऱ्या त्या तिशीच्या गृहस्थाला सगळी गल्ली होयबा म्हणायची, आणि त्यालाही तो होयच म्हणायचा. शाईचा डाग निघेल? होय. संध्याकाळपर्यंत? होय. एकदा एका बाईंनी पिंजऱ्यासकट पोपट आणला आणि विचारलं, "आम्ही बाहेरगावी चाललोय, ठेवाल ना?" होय. मालकांनी कपाळावर हात मारला. पोपट महिनाभर कोटांच्या रांगेत लटकला आणि मालकांच्या साऱ्या शिव्या शिकून घरी गेला.

आता असल्या माणसाला पाचारण झालं. देव आपल्याला बोलावतोय, आपण फादर व्हावं, असं त्याला वाटू लागलं. उगाच एखाद्या दिवसाची हुक्की नव्हे, चांगली दोन वर्षं वाटत होतं. चर्चमधल्या सकाळच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, तो मागच्या बाकावर बसे आणि तिथून त्याचा पाय निघत नसे. कुणीही न मागता द्यावीशी वाटलेली ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच गोष्ट.

फादर घडवणाऱ्या सेमिनरीसाठी उमेदवार निवडणारे फादर त्याची हकीकत ऐकत होते. मध्येच ते सहज म्हणाले, "जरा ती खिडकी धरता का? वाऱ्याने आपटतेय." वारा पडला तरी होयबा खिडकी धरूनच बोलत राहिला. शेवटी फादरच उठले.

"तुम्ही सगळ्यांनाच होय म्हणता," ते म्हणाले. "मग देवाला म्हटलेलं होय खरं कशावरून? आधी कुणाला तरी नाही म्हणा. मग या."

"होय, फादर."

फादरांनी डोळे मिटून घेतले.

घरी हे कळताच सगळे कंबर कसून कामाला लागले. सासरहून आलेल्या ताईने शेजारीपाजारी गोळा केले. तिचा नवरा म्हणजे उंटावरचा शहाणा. सूत्रं अर्थात त्याच्याकडे. "एकदम सोपं आहे," भावोजी म्हणाले. "आम्ही अचाट काहीतरी मागतो, तू नाही म्हण. तुझा डावा बूट दे!"

होयबाने बूट काढून दिला. शेजारच्या काकांनी अंगातला शर्ट मागितला, तोही गेला. काकूंनी कपडे ठेवायचं कपाट मागितलं, तर एका बाजूला हात लावून त्यानेच ते जिन्यापर्यंत नेलं. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "तुझी एक चांगली दाढ काढू दे." होयबाने आ केला. डॉक्टरांनी खिशात हात घातला तसं भावोजींनीच त्याचं तोंड दाबून धरलं.

"अरे गाढवा, नाही म्हण की!"

"होय, भावोजी."

तेवढ्यात आई सगळ्यांसाठी चहा घेऊन बाहेर आली. वडील गेल्यापासून या घरात मायलेक दोघंच. मुलगा फादर होणार हे तिने गल्लीभर मिरवून सांगितलं होतं. ती म्हणाली, "जाऊ नकोस. मला एकटीला टाकून जाऊ नकोस."

होयबाला हसूच फुटलं. आईसुद्धा खेळात उतरली! "नाही, आई," तो म्हणाला. "मी जाणार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. भावोजींनी त्याला उचलून धरलं, काका त्याच्याच शर्टात नाचले. आईच्या हातातल्या ट्रेमधले कप मात्र किणकिणत होते. ते ऐकून भावोजींनी त्याला खाली उतरवलं.

"आई, तू खरंच म्हणालीस?"

"मग काय खोटं? बूट देतोस, कपाट देतोस, दाढ द्यायला निघालास. मीच तेवढी मागायची राहिले होते."

"झालं ते झालं," भावोजी कुजबुजले, "तू पास!" ताईने त्यांना असा चिमटा काढला की ते कळवळले.

होयबाच्या सवयीचं होय आपसूक ओठांवर आलं होतं. ते म्हटलं की आई हसेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तिला हसताना पाहण्यासाठी तो काहीही द्यायला तयार होता. पण खेळात म्हटलेलं ते 'नाही' घेऊन फादरांकडे जाणं म्हणजे शुद्ध लबाडी.

त्याने ट्रे खाली ठेवला आणि आईचा हात हातात घेतला. "पुन्हा म्हण," तो म्हणाला.

"जाऊ नकोस रे."

"नाही, आई. मला जायचंय." हे म्हणताना तो लहान पोरासारखा रडला.

कुणीही टाळी वाजवली नाही. "मग जा," आई म्हणाली. पण त्याचा हात तिने घट्ट धरून ठेवला होता, आणि तो कसा सोडवून घ्यायचा, हे त्याला कुणीच शिकवलं नव्हतं.