भूगोलाच्या बाईंचं मत

नव्या समितीत आपल्याला घेतलंय, हे भूगोलाच्या बाईंना सूचनाफलकावरून कळलं नाही. सूचनाफलक वाचणं त्यांचं केव्हाच सुटलं होतं. त्यांना ते वायर सरांनी सांगितलं. हे विज्ञानाचे तरुण सर. त्यांच्या खिशातून कायम कसली ना कसली वायर लोंबत असे, म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव शिक्षकखोलीतही रुळलं होतं.

"अभिनंदन बाई! सहावी ते आठवीचा अभ्यासक्रम आणि वर्गातली साधनं, दोन्ही बदलायची समिती आहे. तुम्ही, मी, भाषेचे सर, पालकांतर्फे एक आई आणि हेडबाई. नवी पुस्तकं येणार, फळ्याच्या जागी मोठा पडदा आणि प्रत्येक मुलाच्या हातात टॅबलेट!"

"अरे वा," बाई म्हणाल्या.

बाईंचे डोळे गेले होते. पूर्ण नाही, फक्त मधली नजर. समोर बघितलं की नजरेच्या बरोबर मध्यावर तेलकट अंगठा उमटवल्यासारखा धब्बा असे. माणसाकडे बघितलं की कान दिसायचे, केस दिसायचे, चेहरा नाहीसा. पुस्तक उघडलं की पानाच्या कडा दिसायच्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पूर्ण आंधळ्या नाही व्हायच्या तुम्ही. चालाल, फिराल. पण वाचन संपलं."

त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं, आणि शाळेत कुणालाही पत्ता नव्हता. सत्तावीस वर्षं तेच धडे शिकवल्यामुळे तिन्ही इयत्तांची पुस्तकं त्यांना पानांसकट तोंडपाठ होती. कुठल्या पानावर कुठलं चित्र, कुठल्या परिच्छेदात मुलं अडखळतात, सगळं. नकाशे त्या फळ्यावर न बघता काढत. हात खांद्यापासून फिरायचा आणि खंड उभा राहायचा. मुलांना त्या आवाजावरून ओळखत. हजेरी घेताना नुसते आकडे म्हणत, यादी त्यांच्या डोक्यात होती.

राहिले पेपर. ते यजमानांनी उचलले. ते शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. बाजारात त्यांचं छोटं दुकान होतं. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर गठ्ठा पडायचा. ते एकेक उत्तर मोठ्याने वाचत, बाई गुण सांगत, ते लाल पेनाने बाईंच्या वळणाचे आकडे काढत. एवढ्या काळात त्यांचा अभ्यास इतका पक्का झाला होता, की सुई बदलून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते भरती-ओहोटीचं कारण समजावून सांगत. गिऱ्हाईक बिचारं यंत्र उचलून पळायचं.

"आणि समजा कळलं कुणाला, तर?" सुरुवातीला त्यांनी एकदा विचारलं होतं.

"तर मला वर्गावरून काढतील," बाई म्हणाल्या होत्या. "आणि वर्ग नसला, तर मी कोण हो?"

त्यावर त्यांनी पुढचा पेपर उचलला होता.

आता नवी पुस्तकं येणार म्हणजे पाठ केलेलं सगळं पाण्यात. पडदा येणार म्हणजे वर्गासमोर उभं राहून त्यावरचं वाचावं लागणार. टॅबलेटवर मुलं उत्तरं लिहिणार, म्हणजे रविवारचा गठ्ठाही गेला. दोन रात्री बाईंचा डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, हे होऊ द्यायचं नाही.

पहिल्या दोन बैठकांमध्ये त्यांनी वेळ मारून नेली. छापील मसुदा हातात आला की म्हणत, "चष्मा वर्गात राहिला. सर, तुम्हीच वाचा, तुमचा आवाज छान आहे." वायर सर खूश होऊन वाचत. वाचून झालं की बाई बोलायला लागत.

"मूल स्वतःच्या हाताने नदी काढतं ना, तेव्हा ती त्याच्या अंगात उतरते. उगमाशी बारीक, मग वळण, मग मुखाशी फाटे. हात दुखतो तेव्हा कुठे कळतं, नदी किती लांब आहे ते. पडद्यावर बोट फिरवून नदी निघते का?"

भाषेचे सर मान डोलवत. हेडबाई टेबलावर पेन्सिल वाजवत ऐकत. आणि खरी मेख अशी होती, की हे सगळं बाईंना मनापासून वाटत होतं. खोटं बोलत असत्या तर कदाचित जीभ अडखळली असती. खऱ्या गोष्टी त्या एका खोट्यासाठी वापरत होत्या, त्यामुळे त्यांना अडवायला कुणाकडे काही नव्हतं.

निर्णय तिसऱ्या बैठकीत व्हायचा होता.

पालकांतर्फे आलेली आई रुग्णालयात परिचारिका होती. पहिल्या दोन बैठका तिने गप्प बसून ऐकल्या होत्या. त्या दिवशी ती कामावरून थेट आली. तिच्या कपड्यांना जंतुनाशकाचा वास येत होता. तिने पिशवीतून एक कागद काढला.

"मला तुमच्यासारखं बोलता येत नाही," ती म्हणाली. "फक्त हे वाचते. माझी मुलगी सहावीत आहे. तिच्या प्रगतिपुस्तकातला शेरा आहे. 'लक्ष देत नाही. नकाशे चुकतात. फळ्याकडे बघण्याची सवय लावावी.' भूगोलाच्या बाई, तुमचाच आहे हा."

"असेल," बाई म्हणाल्या.

"मी घरी तिला खूप बोलले. एकदा हातही उगारला. मग गेल्या महिन्यात आमच्याच रुग्णालयात तिचे डोळे तपासले. तिला फळ्यावरचं दिसतच नाही, बाई. शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची. चष्म्यानेही पूर्ण भागत नाही म्हणाले, अक्षरच मोठं हवं. वायर सरांनी मला ती टॅबलेटची पाटी दाखवली. तिच्यावर अक्षर हवं तेवढं मोठं होतं. मुलीने घडाघडा वाचलं. पहिल्यांदा." तिने कागद टेबलावर ठेवला. "मी तुम्हाला दोष देत नाही. आई असून मलाच कळलं नाही, आणि मी दिवसभर पेशंट बघते."

आत्ता सांगावं, असं बाईंच्या मनात आलं. पण तोंडातून भलतंच निघालं.

"त्यासाठी सगळ्या शाळेचं शिक्षण बदलायची काय गरज? आपण तिला पहिल्या बाकावर बसवू."

परिचारिकेने त्यांच्याकडे पाहिलं. "ती पहिल्याच बाकावर बसते, बाई. सहा महिने झाले. तुमच्या टेबलासमोर."

"हो... म्हणजे तिथेच राहू दे, असं म्हणत होते मी," बाई कशाबशा बोलल्या. मग त्यांना थांबताच येईना. मुलं आळशी होतील, यंत्रं बिघडतील, एक वर्ष थांबून विचार करू. आपलाच आवाज त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

मत घेतलं. वायर सर आणि परिचारिका बाजूने, भाषेचे सर आणि बाई विरुद्ध. सगळे हेडबाईंकडे वळले.

"मी पडद्याच्या बाजूने होते," हेडबाई म्हणाल्या. "पण सत्तावीस वर्षं वर्गात काढलेली बाई इतक्या तळमळीने सांगतेय, तर मी तिच्या शब्दावर जाते. वर्षभर पुढे ढकलू."

परिचारिकेने कागदाची घडी घातली, नीट पिशवीत ठेवली आणि उठून गेली.

रविवारी नेहमीप्रमाणे गठ्ठा टेबलावर पडला. बाईंनी विचारलं, "सहावीतली पहिल्या बाकावरची मुलगी आहे, तिचा पेपर आहे का बघा."

यजमानांनी तो शोधून काढला.

"हिला ओळखतो मी. म्हणजे हिच्या नकाशांना," ते म्हणाले. "लेखी उत्तरं तू ऐकतेस. नकाशे मी माझ्या मनाने तपासतो, पुस्तक शेजारी ठेवून. हिचा किनारा बरोबर असतो आणि गावं सगळी सरकलेली. दुसऱ्याचं चोरून बघितल्यासारखी. मला वाटलं आळशी आहे पोर. दहातले दोन दिले, कधी तीन. 'फळ्याकडे बघत नाही' हे मीच तुला म्हटलं होतं, आणि तू शेऱ्यात लिहायला सांगितलंस."

बाईंनी बैठकीतलं सगळं सांगितलं. मत कुणाच्या बाजूने दिलं, तेही.

ते उठले. खिडकीशी जाऊन उभे राहिले. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी आवाज चढवल्याचं बाईंना आठवत नव्हतं. त्यांनी आत्ताही चढवला नाही.

"मी यंत्रं दुरुस्त करणारा माणूस," ते म्हणाले. "तुझ्यासाठी मास्तर झालो. मला वाटायचं, तुला सांभाळतोय, त्यात कुणाचं काय जातंय? हे आता माझ्याच्याने नाही होणार गं." त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं.

"अहो, असं नका करू. एवढा गठ्ठा तरी! उद्या द्यायचाय मला. मी काय सांगू तिथे?" बाईंनी त्यांचा हात धरला, गयावया केली, मग रागावल्या, मग रडल्या. पेन त्यांनी पुन्हा उघडलं नाही. न तपासलेले पेपर संध्याकाळपर्यंत टेबलावर पडून राहिले.

सोमवारी घंटेच्या आधी बाई हेडबाईंच्या खोलीत गेल्या. गठ्ठा टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मला वाचता येत नाही."

हेडबाई हसल्या. मग थांबल्या. समोरचा एक कागद उचलून त्यांनी पुढे धरला. "हे काय आहे?"

"कागद आहे एवढं कळतंय."

"कधीपासून?"

"तिसरं वर्ष आहे."

"आणि पेपर?"

"ह्यांनी तपासले."

हेडबाई खुर्चीत मागे टेकल्या. दोघी एकाच वर्षी शाळेत लागल्या होत्या, एकमेकींच्या डब्यातलं खात म्हाताऱ्या होत आल्या होत्या. "मला सांगितलं असतंस तर," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज कडक झाला. "तीन वर्षं. तीन इयत्ता. आणि गुरुवारी मी तुझ्या शब्दावर माझं मत फिरवलं. त्या बाईच्या तोंडावर!"

बाई कबूल करायचं ठरवून आल्या होत्या. पण आता त्यांनाच न कळता त्या विनवायला लागल्या. "एवढं सत्र पुरं करू दे. पेपर दुसऱ्या कुणाला दे, मी नुसती शिकवते. मला सगळं पाठ आहे गं. विचार, कुठलंही पान विचार."

"पान नाही विचारत. वर्ग विचारते. पहिल्या बाकावर कोण बसतं, हे गुरुवारपर्यंत माहीत होतं तुला?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"आज वर्गावर जाऊ नकोस," हेडबाई हळू म्हणाल्या.

घंटा झाली. शिक्षकखोलीत एकट्या बसून बाईंना वरच्या मजल्यावरचा आपला वर्ग ऐकू येत होता. आधी शांतता, मग कुजबुज, मग कल्लोळ. बाकं सरकली, कुणीतरी शिट्टी मारली. जिना चढून एकदा दारात उभं राहिलं की तो गोंधळ थांबला असता. त्यांनी खुर्चीच्या कडा घट्ट धरून ठेवल्या.

पुढचं भराभर झालं. त्या वर्षाचे सगळे पेपर दोन शिक्षकांनी पुन्हा तपासले. एकोणीस मुलांचे गुण बदलले. डॉक्टरांच्या मंडळाने बाईंना तपासून वर्गासाठी अपात्र ठरवलं. समिती पुन्हा बसली आणि नवा अभ्यासक्रम, पडदे आणि टॅबलेट एकमताने मंजूर झाले. भाषेच्या सरांनीही हात वर केला. त्या बैठकीत बाईंना आपली हकीकत सांगायला बोलावलं होतं. त्यांनी उभं राहून सांगितली आणि त्या बाहेर आल्या.

परिचारिका त्यांच्यामागून व्हरांड्यात आली. तिच्या चपलांचा आवाज पुढे गेला, थांबला, मागे फिरला.

"रुग्णालयात मी रोज बघते," ती म्हणाली. "माणसं दुखणं लपवतात. भीती असते, समजतं मला. पण तुम्हाला माहीत होतं, बाई, न दिसणं म्हणजे काय असतं ते. त्या खोलीत फक्त तुम्हालाच माहीत होतं. आणि तुम्ही माझ्या पोरीच्या विरुद्ध मत दिलंत."

"हो," बाई म्हणाल्या.

"मला नाही जमायचं माफ करायला. निदान आत्ता तरी."

"नका करू."

ती निघून गेली.

बाईंच्या शाळेतल्या शेवटच्या दिवशी हेडबाईंनी त्यांना सहावीच्या वर्गात जाऊ दिलं. बाईंनी मुलांना जे होतं ते सांगितलं, काही न लपवता. मग अगदी टेबलासमोरून एक बारीक आवाज आला.

"बाई, मला वाटायचं तुम्ही माझ्यावर रागावलाय. म्हणून माझ्याकडे बघत नाही."

बाई टेबलाला वळसा घालून बाकाशी आल्या आणि खाली बसल्या, गुडघे टेकून. समोर दोन वेण्या होत्या, एक कॉलर होती, मध्ये काही नव्हतं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "तुझे नकाशे चुकले नव्हते. माझे शेरे चुकले."

"आता कोण शिकवणार आम्हाला?"

"माहीत नाही मला. नवं कुणीतरी येईल. त्यांना एक सांगशील? दिसलं नाही, तर दिसत नाही म्हणून सांगशील? लगेच. त्याच दिवशी."

मुलीने मान हलवली असावी. बाईंना ते दिसलं नाही, आणि त्यांनी तसं तिला सांगितलं.

"हो, बाई," मुलगी मोठ्याने म्हणाली.