नीलम्माच्या किटलीतलं तेल

मी एक जुनी तेलाची किटली आहे, मित्रांनो. स्टीलची. पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलंय, 'सौ. नीलम्मा चन्नाप्पा', आणि त्याखाली '१९९१'.

आधीच सांगते, माझी गोष्ट ऐकून तुम्हाला मळमळेल. मळमळू दे. मला दहा वर्षं मळमळत होतं, आणि ओकायची सोय नव्हती. माझी चोच वरच्या अंगाला आहे ना. कोण तरी वाकवल्याशिवाय माझ्या पोटातलं काही बाहेर येत नाही.

मी नवी होते तेव्हा तुम्ही मला बघायला पाहिजे होतं. महाद्वार रोडवरच्या भांड्यांच्या दुकानात वरच्या फळीवर बसलेली. अंग इतकं लखलखीत, की गिऱ्हाईक माझ्यात तोंड बघून केस सारखे करायचं. झाकणाखाली बारीक भोकांची गाळणी. नीलम्मानं मला उचललं, बोटानं टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाली, "ही द्या." कसबा बावड्यापर्यंत तिनं मला मांडीवर घेऊन आणलं.

चन्नाप्पाचं घर म्हणजे पुढं पिठाची गिरणी, मागं राहायच्या खोल्या. सकाळपासून पट्टा फटफट फिरतोय, सगळ्या घरावर पिठाची पांढरी साय. पहिल्या दिवशी नीलम्मानं माझ्यात घाण्याचं शेंगतेल ओतलं. काय वास होता त्याचा! भुईमुगाच्या शेतात उभं राहिल्यासारखं वाटलं. मला वाटलं, आपलं नशीब उघडलं.

नशीब नवरात्रापर्यंत टिकलं.

नवरात्रात देवीपुढं टांगायला कडाकण्या, म्हणजे कडक गोड पुऱ्या, तळल्या. मोठी कढई भरून तेल. तळण संपलं तसं उरलेलं सगळं तेल नीलम्मानं माझ्यात परत ओतलं. कोमट, पिवळं, जळक्या पिठाचा गाळ असलेलं. गाळणीत जाडा गाळ अडकला, बारीक सगळा माझ्या तळाशी. ठीक आहे, म्हटलं. एकदा झालं. उद्या संपवतील, मला घासतील.

कसलं काय.

नीलम्माचा एक नेम होता. तेल टाकायचं नाही. तेल म्हणजे लक्ष्मी, ती गटारात ओतायची नाही. बरं, टाकू नकोस बाई, पण संपव तरी! तेही नाही. मी अर्धी झाले की वरून नवं तेल. तळण झालं की उरलेलं परत माझ्यात. परत वरून नवं. मिरच्या तळल्या, पापड तळले, कांदाभजी तळली, गाजराचे कसले तरी वडे तळले, सगळ्याचं तेल माझ्यातच. मित्रांनो, ९१ सालातल्या कडाकण्यांचं जळकं पीठ २००० साली माझ्या तळाशी बसलेलं होतं. विचार करा जरा. तेवढ्या काळात त्यांचा मुलगा सोमशेखर शाळेतनं कॉलेजात गेला, साखर कारखान्यात नोकरीला लागला, त्याला मिशा आल्या. आणि माझ्या पोटात तोच गाळ.

रंग आधी चहासारखा झाला, मग गुळासारखा, मग काळा. वास तर विचारू नका. ओल्या गोणपाटाचा येतो ना, तसला खवट. माझ्या बाहेरच्या अंगाला चिकट थर चढला, त्यावर धूळ, त्यावर पीठ, परत थर. मला ठेवतील तिथं एक काळं, चिकट वर्तुळ उमटायचं. मला उचललं तर फळी माझ्याबरोबर उठेल की काय असं वाटायचं. मुंग्या यायच्या आणि अडकून मरायच्या.

एकदा झुरळ पडलं. सांगायची माझी इच्छा नाही, पण खोटं कशाला बोलू. नीलम्मानं चमच्यानं काढलं, "मेल्या, हितंच मरायचं हुतं व्हय" म्हणाली आणि त्याच तेलाची फोडणी दिली.

शी!

आणि सगळ्यात किळस कशाची यायची सांगू? कौतुकाची. पाहुणे आले की मटकीच्या आमटीवर बोटभर लाल कट पाहिजे. तो कट माझ्याच तेलाचा. पाहुणे नाक पुसत, घाम पुसत ओरपायचे आणि म्हणायचे, "वैनी, नाद खुळा! असला कट आख्ख्या बावड्यात न्हाय." नीलम्मा लाजायची. चन्नाप्पा मिशीला पीळ द्यायचा. आणि मी फळीवर बसून म्हणायची, अरे, झाकण उघडून एकदा आत बघा की रे!

२००० साली सोमशेखरचं लग्न झालं. मुरगूडची विद्याश्री सून म्हणून आली. पहिल्याच दिवशी तिनं मला धरलं आणि लगेच सोडलं. बोटं पदराला पुसली. वास घेतला.

"आत्ती, ह्यातलं तेल कवाचं हाय?"

"चालूच हाय की ते. कवाचं म्हंजे?" नीलम्मा म्हणाली.

"घासू का एकदा किटली?"

"नगं. हाताला लागंल. तू भाकरी थाप."

बिचारी भाकरी थापायला बसली. नवीन होती. पण त्या घरात मला नाव ठेवणारी पहिली तीच, आणि खरं सांगते, मला तिचा राग आला नाही. बरं वाटलं.

पुढच्या वर्षी चन्नाप्पा गिरणीतच कोसळला. ज्वारीचा डबा ओतताना छातीला हात लावला आणि खाली बसला. सोमशेखरनं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाचला. घरी आणलं तेव्हा डॉक्टरांचं बोलणं सोमशेखरनं सगळ्यांना ऐकवलं. तळलेलं बंद. कट बंद. जळकं तेल तर घरात ठेवायचंच नाही. दुसरा झटका आला तर दवाखान्यापर्यंत पोहोचायचा भरवसा नाही.

नीलम्मा पदर तोंडात धरून रडली. त्या दिवशी स्वयंपाकघर विद्याश्रीनं हातात घेतलं.

मित्रांनो, मी फळीवरून सगळं बघत होते. घरात गिरणी, तर पीठ रोज ताजं. ज्वारीची भाकरी, कधी नाचणीची. मेथी, पोकळा, शेवग्याचा पाला. मोड आलेली मटकी नुसती वाफवून, वर कांदा, लिंबू. काकडीची कोशिंबीर. घट्ट ताक. गोड म्हणून हुग्गी, म्हणजे खपली गव्हाची खीर, गूळ घातलेली. फोडणीला तेल एक चमचा, तेही नव्या बाटलीतलं. भाजीत शेंगदाण्याचं कूट घालताना ती म्हणायची, "कुटातच तेल हाय की आत्ती. वरनं आनि कशाला?"

चन्नाप्पानं पहिलं ताट बघितलं आणि ओरडला, "हे काय? बैलाला वैरण घातलीय व्हय? कट कुठाय?"

"कट बंद, मामा."

"अगं पोरी, आमी तालमीतली मानसं! तूप पिऊन वाढलोय!"

"तवा दोन हजार बैठका मारत हुतासा मामा. आता तुमी स्टुलावर बसतायसा आन पट्टा फिरतोय."

सोमशेखर ताटात तोंड घालून हसला. चन्नाप्पानं निम्मी भाकरी तशीच टाकली.

आणि मला? मला ओतून टाकायचं ठरलं होतं. पण नीलम्माचा हात होईना. "सावकाश बघू," म्हणत तिनं मला माळ्यावर सरकवलं. पोट भरलेलंच.

तिथंच चुकलं.

चार दिवसांनी सगळे कामात असताना चन्नाप्पा स्टुलावर चढला. आजारी माणूस, धाप लागलेली, तरी चढला! मला काखेत मारलं आणि गिरणीत नेऊन पोत्यांच्या मागं लपवलं. मग रोज अकरा वाजता, दळण जरा कमी झालं की, हा पोत्यामागं जायचा. खिशात कागदात बांधलेली भाकरी आणि कांदा-लसणाची चटणी. चटणीत खळगा करायचा आणि मला वाकवायचं. माझ्या चोचीतनं ती काळी धार पडायची. तो डोळे मिटून खायचा, बोटं चाटायचा.

मला ओरडायचं होतं. अरे, त्यात झुरळ होतं! अरे, त्यात दहा वर्षांची राख आहे! डॉक्टरनं सांगितलंय, मरशील! पण किटलीला तोंड असतं, आवाज नसतो. ज्या पोटात मला स्वतःला राहवत नव्हतं, त्यातलं तो आपल्या पोटात घालत होता. स्वतःची इतकी किळस मला कधीच आली नव्हती.

माझ्या हातात एकच गोष्ट होती. माझा चिकटपणा.

तो मला एका जागी ठेवत नव्हता. आज ह्या पोत्यामागं, उद्या त्या. जिथं ठेवेल तिथं माझं वर्तुळ उमटायचं. आणि गिरणीत पीठ उडतं. त्या चिकट वर्तुळांवर पीठ बसलं. काळ्या फरशीवर पांढरी गोल गोल कडी, रांगोळीचे ठसे मारल्यासारखी. एका मंगळवारी विद्याश्री ताक घेऊन गिरणीत आली आणि तिथंच थांबली. एक कडं, दुसरं, तिसरं. ती त्या कड्यांमागून चालत पोत्यापर्यंत आली. पोत्यामागं चन्नाप्पा. हातात मी.

"मामा," ती एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

चन्नाप्पा आधी लाल झाला, मग चिडला. "माज्याच घरात मला चोरून खायाची पाळी आनलासा तुमी!"

आवाज ऐकून नीलम्मा आली. तिनं मला बघितलं, नवऱ्याच्या बोटांवरचं तेल बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अवं, तुमाला मराचंच हाय का?"

"बरं, न्हाय खात! खाऊन झालं. बास?"

"वता ते," विद्याश्री म्हणाली.

"वतायचं न्हाय. लक्ष्मी हाय ती. गिरणीला घालतो. बेरिंगला तेल लागतंयच की. वाया न्हाय जायाचं आन तुमचं बी समाधान."

नीलम्माला पटलं. विद्याश्रीला त्यातलं कळत नव्हतं. आणि चन्नाप्पानं रोज थोडं थोडं करत, ग्रीस घालायच्या जागी माझं तेल गिरणीच्या पोटात सोडलं.

गिरणी लोखंडाची. दिवसभर तापणारी. आठव्या दिवशी ती आधी किंचाळली, मग कण्हायला लागली, मग जळका धूर आला. तसला वास मी ओळखते. आणि पट्टा घसरून गिरणी बंद.

"अरं चन्नाप्पा, माजं दळान आत अडाकलंय की!" दळणाला आलेली विठाबाई डबा हातात धरून ओरडत होती. "पावणं जेवायला बसल्यात घरात!"

मोटर-बेरिंगचं काम करणारा सयाजी मिस्त्री आला. त्यानं बेरिंग खोललं. आतनं काय निघालं असेल? काळा, चिवट, डांबरासारखा चिखल. गोळ्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. त्यानं पान्ह्याच्या टोकानं थोडा उचलला, तर तार आली.

"चन्नाप्पा, काय घातलासा हिच्यात? डांबर?"

"तेल घातलं. घरचं."

सयाजीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. "तळणीचं जुनं तेल हाय हे. असलं तापलं की गोंद हुतोय त्याचा. बेरिंग गेलं. नवीनच घालाय लागंल." मग हात पुसत म्हणाला, "लोखंडाला पचंना हे, मालक. कुनी सांगितलं हुतं घालाय?"

विठाबाईनं डबा खाली ठेवला.

मग नीलम्मा पुढं झाली. तिनं सयाजीच्या हातातलं ते बेरिंग घेतलं. बोटानं तो चिखल चाचपला. अंगठा आणि बोट चिकटलं, सुटेना. ती चन्नाप्पाच्या छातीकडं बघत राहिली.

"हे मी तुमाला घालत हुते," ती म्हणाली. "धा वर्सं. माज्या हातानं वाडत हुते."

चन्नाप्पा स्टुलावर बसला. "मी बी मागून खात हुतो की," तो म्हणाला.

त्याच दुपारी नीलम्मानं उरलेलं सगळं तेल घरामागच्या परड्यात खड्ड्यात ओतलं आणि वर माती लोटली. मग मला सोडा, राख, उकळतं पाणी. सुरीनं तळ खरवडला. खपल्या निघत होत्या, झाडाच्या सालीसारख्या. विद्याश्री तांब्यानं पाणी घालत होती. तीनदा घासलं. चौथ्यांदा घासताना नीलम्माला माझ्या पोटात स्वतःचं तोंड दिसलं.

मला वाटलं, आता भंगारात. पण विद्याश्री म्हणाली, "टाकू नगासा आत्ती. मापाला ठेवू."

तेव्हापासून दर सोमवारी माझ्यात अर्धा किलो ताजं शेंगतेल येतं. चार माणसं, सात दिवस, तेवढंच. तळण वर्षातनं एकदा, नवरात्रातल्या कडाकण्यांचं, तेही छोट्या कढईत, मोजकं. उरलेलं तेल परत माझ्यात येत नाही.

आज २००८ साल आहे. चन्नाप्पा अजून गिरणीवर बसतो. सकाळी कारखान्याच्या रस्त्यानं चालून येतो. कुरकुर अजून करतो, ती काही जाणार नाही. आणि मी? वास पूर्ण गेलेला नाही. चोचीच्या आतल्या वळणात थोडा खवटपणा अजून आहे, तिथं कुणाचंच बोट पोहोचत नाही. मला तो रोज येतो. येऊ दे. विसरायला नको.

मित्रांनो, तुमच्या घरात पण माझी एखादी बहीण असेल. फळीवर, कोपऱ्यात, चिकट. आज तिचं झाकण उघडा. वास घ्या. पळू नका, नीट घ्या. आणि आईला, आज्जीला, बाबांना हाक मारून त्यांनाही घ्यायला लावा. तिला बोलता येत नाही. ती कधीची वाट बघतेय.

काल रविवार होता. जेवताना चन्नाप्पानं हळूच मला उचललं, आपल्या चटणीवर पालथं धरलं. बुडावर थाप मारली. एक थेंब नाही.

"संपलं व्हय गं?"

"संपलं," आतनं नीलम्मा म्हणाली.

"मग दही वाड."